परदेशी बजेट शीट आपल्या घराला बसवताना

माझी भाची नोकरीसाठी जर्मनीत गेली आणि तिथे तिने एक घरखर्चाची शीट उतरवून घेतली. शीट अमेरिकन. तीन महिने इमानेइतबारे भरल्यावर तिचा फोन आला, "मावशी, शीट म्हणते माझा जवळजवळ सगळा पगार शिल्लक आहे. बँकेत तर काहीच नाही!"

मी एकतीस वर्षं लेखा विभागात काढली. न जुळणारा हिशेब दिसला की माझी झोप उडते. ती शीट उघडली आणि पहिल्या पाच मिनिटांत रोग सापडला. ती तारीख १७/०४ अशी लिहीत होती, म्हणजे सतरा एप्रिल. अमेरिकन शीट आधी महिना वाचते. सतरावा महिना नसतो, म्हणून शीटने ती तारीख न मानता नुसता मजकूर मानला आणि तो खर्च बेरजेतून वगळला. ०३/०४ मात्र शीटने चार मार्च म्हणून आनंदाने स्वीकारली. म्हणजे बारा तारखेनंतरचे खर्च गायब, आणि आधीचे भलत्याच महिन्यांत.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी सेटिंग, मग ओळी, आकडे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात.

गुगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, आणि तिथे लोकेल. आपण राहतो तो देश निवडायचा. एक्सेल हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून घेतं. यानं तारीखच नाही, आकडेही बदलतात. जर्मनीत १.२५० म्हणजे बाराशे पन्नास; भारतात किंवा अमेरिकेत तोच आकडा सव्वा होतो. स्वल्पविराम दशांशासाठी वापरणाऱ्या देशांत फॉर्म्युल्यातले भाग अर्धविरामाने तोडावे लागतात, म्हणून दुसरीकडून उचललेला फॉर्म्युला एरर देतो. एक लक्षात ठेवा: सेटिंग नंतर बदलून आधीच चुकीच्या वाचलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत. त्या पुन्हा भराव्या लागतात. भाचीने एक रविवार त्यात घालवला. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल, तर खरी तारीख आणि खरा आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

चलनाचं चिन्ह बदलणं ही निव्वळ रंगरंगोटी. डॉलरच्या जागी युरो आला म्हणून आकडा बदलत नाही. नमुन्यात आधीच भरलेल्या रकमांना विनिमय दराने गुणून "आपल्याकडे इतका खर्च असावा" असं काढणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून ते आकडे पुसून टाका. दशांश स्थळं तेवढी बघा: येनला एकही लागत नाही, कुवेती दिनारला तीन लागतात.

आता जमेची बाजू. नमुना पगार कुठला मागतोय, कापण्याआधीचा की हातात येणारा? अमेरिकन शीटमध्ये बऱ्याचदा वर एकूण पगार आणि खाली कर, आरोग्यविमा वगैरे वजावटी असतात. जर्मनीत नोकरदाराचा कर, आणि सरकारी योजनेत असेल तर आरोग्यविम्याचा त्याचा वाटाही, पगारातूनच जातो. भाचीने वर हातातला पगार लिहिला आणि खाली विम्याची ओळ पुन्हा भरली. तीच रक्कम दोनदा वजा. मी सरळ हातात येणाऱ्या पगारापासून सुरुवात करते आणि खालच्या सगळ्या वजावटी उडवते.

पगार किती दिवसांनी येतो हेही तपासा. अमेरिकेत दर दोन आठवड्यांनी पगार होणं सर्रास चालतं, म्हणजे वर्षात साधारण २६ पगार. त्याचा मासिक आकडा म्हणजे गुणिले २६, भागिले १२. नुसतं दुप्पट केलं तर दोन पगार हिशेबातून सुटतात. ऑस्ट्रेलियात घरभाडं आठवड्याचं सांगतात. त्याला चारने गुणलं की वर्षातले चार आठवडे तुम्ही फुकट राहता, कागदावर. ५२ ने गुणून १२ ने भागा. फिलिपिन्ससारख्या देशात तेरावा पगार कायद्यानेच मिळतो. तो मासिक सरासरीत मिसळू नका, वेगळ्या ओळीत ठेवा, नाहीतर अकरा महिने त्याच्या भरवशावर खर्च होतो.

ओळींसाठी नमुन्याकडे बघूच नका. बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि त्यातून ओळी तयार करा. काही राहिलं का हे पडताळायला संयुक्त राष्ट्रांचं घरगुती खर्चाचं वर्गीकरण चांगलं आहे. २०१८ च्या आवृत्तीत १३ गट आहेत: अन्न, कपडे, घर-पाणी-वीज-इंधन, आरोग्य, प्रवास, दळणवळण, शिक्षण, विमा आणि असेच बाकीचे. पण ते फक्त उपभोगाचं आहे. प्राप्तिकर, कर्जाच्या मुद्दलाची फेड, आईवडिलांना पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. परदेशात राहणाऱ्याची ही शेवटची ओळ मोठी असते. खात्यातून शुल्कासकट जितके गेले तितके लिहा. पोचले किती, तो आकडा इथे नको.

खरी मेहनत दरमहा न येणाऱ्या खर्चांची. भाचीच्या शीटमध्ये यातलं एकही नव्हतं. जर्मनीत रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरटी भरावं लागतं, घरात टीव्ही असो-नसो, आणि ते सहसा तीन महिन्यांचं एकदम जातं. हीटिंगचे पैसे भाड्यासोबत अंदाजाने भरायचे आणि वर्षाचा खरा हिशेब नंतर येतो. थंडी जास्त पडली की वरची रक्कम भरा. ब्रिटनमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, साधारणपणे दहा हप्त्यांत असतो, दोन महिने मोकळे. प्रत्येक देशात असं काहीतरी निघतंच.

यासाठी वेगळं पान करा. रकाने पाच: खर्चाचं नाव, रक्कम, पुढची तारीख, आतापर्यंत बाजूला ठेवलेले, आणि महिन्याचा वाटा. वाटा म्हणजे रकमेतून बाजूला ठेवलेले वजा करून उरलेल्या महिन्यांनी भागायचं. सगळे डोळे मिटून बारानेच भागतात. विम्याचा हप्ता पाच महिन्यांवर आला असेल तर पहिल्या फेरीत पाचने भागावं लागतं. बाराने पुढच्या वर्षापासून. ह्या वाट्यांची बेरीज मुख्य पानावर "राखीव" म्हणून एकच ओळ. आणि ते पैसे शक्य असेल तर वेगळ्या खात्यात, कारण एकाच खात्यात राहिले की ते शिल्लक वाटतात.

नमुन्यात पन्नास-तीस-वीसचा तक्ता असेल तर मी तो पुसते. गरजा, हौस आणि बचत यांचं हे प्रमाण अमेरिकेच्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून लोकप्रिय झालं. करानंतरच्या उत्पन्नाला ते लावतात. पण जिथे विमा आणि पेन्शन पगाराआधीच कापलं जातं, तिथले पन्नास आणि जिथे सगळं खिशातून भरावं लागतं तिथले पन्नास एक कसे? वर्षभर भरून झाल्यावर तुमचं प्रमाण तुम्हालाच दिसेल.

खरेदीच्या अंदाजात एक गफलत होते. अमेरिकेत लेबलवरच्या किमतीवर विक्रीकर सहसा गल्ल्यावर लागतो; युरोपात दुकानातली किंमत कर धरूनच असते. लेबल विसरा, पावतीचा शेवटचा आकडा लिहा.

नवी ओळ घालताना बेरजेच्या मधोमध घाला. शेवटच्या ओळीच्या खाली घातली तर फॉर्म्युला कधीकधी तिला ओळखत नाही. अमेरिकन मांडणीच्या कळफलकावर कंट्रोल आणि एकच्या डावीकडची कळ दाबली की सगळे फॉर्म्युले उघडे दिसतात. बेरीज कुठपर्यंत जाते ते तिथे वाचा.

शेवटी एक तपासणीची चौकट. रोजच्या नोंदींचं पान म्हणजे आमची जुनी कीर्द, गटवार पान म्हणजे खतावणी. कीर्दीची एकूण बेरीज वजा खतावणीची बेरीज, उत्तर शून्य यायला हवं. भाचीच्या शीटमध्ये ही चौकट असती तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. आता ती वर डाव्या कोपऱ्यात आहे, शून्याशिवाय काही आलं की लाल होते. गेल्या महिन्यात ती एकदा लाल झाली आणि रात्री साडेअकराला मला फोटो आला. "किराणा"च्या शेवटी एक रिकामी जागा टाइप झाली होती, म्हणून तो खर्च किराण्याच्या गटात मोजला गेला नव्हता, एवढंच.