थोरला, मधला, शेंडेफळ: जन्मक्रमाच्या संशोधनात या चुका टाळा

थोरली मुलं जबाबदार, शेंडेफळ लाडावलेलं, हे गृहीत धरूनच अनेक प्रबंध सुरू होतात. कॉलेजातल्या शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते, फरक 'सापडतो', आणि बहुतेक वेळा तो जन्मक्रमाचा नसतोच.

सगळ्यात मोठी गफलत भावंडांच्या संख्येची. सगळे पहिले एका गटात आणि सगळे तिसरे दुसऱ्या गटात टाकले, की तुलना मुलांची न राहता घरांची होते. तिसरं अपत्य असायला घरात किमान तीन मुलं लागतात. पहिलं दोन मुलांच्या घरातही असतं. या दोन प्रकारच्या घरांचं उत्पन्न आणि आईचं शिक्षण सरासरीने वेगळं असतं. म्हणून दोन भावंडांची घरं वेगळी तपासा, तीनची वेगळी. एकुलत्यांना थोरल्यांत मिसळू नका. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे: मुलगा होईपर्यंत न थांबणाऱ्या घरांमुळे शेवटचं अपत्य मुलगा असण्याचं प्रमाण वाढतं. विश्लेषणात लिंग धरलं नाही, तर मुलगा-मुलगीतला फरक धाकटेपणाच्या खात्यात जमा होतो.

एकाच घरातली भावंडं घेतली की घराघरांतला फरक निघून जातो, पण मग वय आडवं येतं. एकाच दिवशी १८ वर्षांची ताई आणि १३ वर्षांचा भाऊ तपासला तर ताई जास्त जबाबदार दिसणारच. दोघांचं मोजमाप एकाच वयात करा, नाहीतर प्रत्येकाचे गुण त्याच्या वयाच्या सरासरीशी ताडून पाहा. नॉर्वेतला २००७ चा अभ्यास याच कारणाने भक्कम ठरतो. तिथे लष्करभरतीमुळे तरुणांची चाचणी १८-१९ व्या वर्षीच झालेली होती. थोरल्यांचा बुद्ध्यांक दुसऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे २.३ गुणांनी जास्त निघाला. मात्र ज्यांचं मोठं भावंड लहानपणीच वारलं, त्या दुसऱ्यांचे गुण थोरल्यांसारखे होते. म्हणून प्रश्नावलीत जन्माचा क्रम आणि घरात वाढण्याचा क्रम, असे दोन स्वतंत्र रकाने हवेत. जुळी, दत्तक, सावत्र भावंडं आणि वयातलं अंतरही नोंदवा.

'दोघांत हट्टी कोण?' असं आईवडिलांना विचारू नका. ते एकाला दुसऱ्याशेजारी ठेवूनच उत्तर देतात. ज्याचं त्यालाच विचारा आणि जन्मक्रमाचा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

आता नमुन्याचा आकार. अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या माहितीवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात जन्मक्रम आणि स्वभावाचा सरासरी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.०२ इतकाच निघाला. एवढा बारीक संबंध दहांपैकी आठ वेळा हाती लागावा, तर सुमारे १९,६०० जण लागतात. शंभर जणांत ०.२८ पेक्षा कमी काही भरवशाने दिसत नाही. त्यामुळे शंभरांत ठळक फरक आला, तर आधी वय, लिंग आणि भावंडसंख्या पुन्हा तपासा. समजा पाच स्वभावगुण मोजले आणि प्रत्येकासाठी तीन पद्धतींनी गट पाडले, तर पंधरा चाचण्या होतात, त्यांतली एखादी निव्वळ योगायोगानेही जुळते. कोणती चाचणी करणार ते माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.

शंभरच जण मिळणार असतील तर प्रश्न बदला. घरात थोरल्या मुलीवर कोणती कामं पडतात आणि थोरल्या मुलावर कोणती, हे शोधा. तिथले फरक मोठे असू शकतात, आणि तेवढे शंभर जणांतही दिसतात.