अण्वस्त्रांचा करार कसा वाचायचा: साठेखत, खरेदीखत, मोजणी

साताऱ्यात पोवई नाक्याकडं टेबल टाकून मी तीस वर्षं दस्त लिहितोय. जवळच्या अभ्यासिकेतली पोरं चहाला आली की कुरकुरतात, "काका, सीटीबीटी, एनपीटी काही ध्यानात राहत नाही." सीटीबीटी म्हणजे अणुचाचणीबंदीचा करार, एनपीटी म्हणजे अण्वस्त्रं पसरू न देण्याचा. पाठ करूच नका. जमिनीचा व्यवहार डोळ्यापुढं आणा.

पहिल्यांदा बैठक कुठं बसलीय ते बघा. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत एकमत लागतं. सामायिक गटासारखं, एक भाऊ अडला की सगळं अडलं. १९९६ मध्ये चाचणीबंदीच्या मसुद्यावर, म्हणजे सीटीबीटीवर, भारत अडला. अण्वस्त्रं संपवायची मुदतच त्यात नव्हती. मग ऑस्ट्रेलियानं तोच मसुदा उचलून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला, तिथं मतांवर चालतं. १५८ विरुद्ध ३, मंजूर.

पुढं सही. निम्मी पोरं इथंच फसतात. सही म्हणजे साठेखत. खरेदीखत होतं ते देशानं घरी जाऊन रीतसर अनुसमर्थन, म्हणजे पक्की मंजुरी, दिल्यावर. अमेरिकेत त्याला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. क्लिंटन यांनी सीटीबीटीवर १९९६ ला सही केली, १९९९ ला सिनेटनं नकार दिला. साठेखत तसंच पडून आहे.

आता खरी मेख. कुठलाही दस्त हातात आला की मी शेवटची पानं आधी वाचतो. 'लागू कधी' हे कलम तिकडंच सापडतं. सीटीबीटीत ४४ देश नावानिशी लिहिलेत आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांचं अनुसमर्थन हवं. त्यात भारतही आहे, ज्यानं सहीच केलेली नाही. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी कराराला मात्र कोणतेही ५० देश चालणार होते. तो २२ जानेवारी २०२१ ला लागूही झाला. पण अण्वस्त्रवाला एकही देश त्यात नाही. बिनजमिनीवाल्यांनी एकमेकांना लिहून दिलं की आम्ही बांध कोरणार नाही, असं माझं आपलं मत.

मग मोजणी, म्हणजे करार पाळला जातो का याची तपासणी, कोण करणार ते शोधा. नवखा असताना एका दस्तात मी पूर्व-पश्चिम चतुःसीमा उलट्या लिहिल्या; दोन चुलतभाऊ एका बाभळीपायी अकरा वर्षं कोर्टात. अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह यांच्या १९८७ च्या क्षेपणास्त्रं मोडायच्या करारात तपासनीस एकमेकांच्या कारखान्याच्या फाटकावर बसले आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं खरोखर मोडली गेली.

राहिलं बाहेर पडायचं कलम. एनपीटीत तीन महिन्यांची नोटीस असते, रेगन-गोर्बाचेव्ह करारात सहा महिन्यांची होती. अमेरिकेनं ती दिली आणि २ ऑगस्ट २०१९ ला तो दस्त संपला.