सांधे आणि स्नायूंचं दुखणं ऑपरेशनशिवाय कसं हाताळावं

"गादी सरकलीय." "गुडघ्यात गॅप आलाय." "वंगण संपलंय." दुखणाऱ्या माणसाच्या कानावर यातलं एखादं वाक्य पडतं आणि त्या दिवसापासून तो स्वतःला मोडकं यंत्र समजू लागतो. जिना नको, वाकणं नको, ओझं नको. सहा महिन्यांनी दुखणं तिथंच असतं, वर मांडीही बारीक झालेली असते.

यंत्राचा भाग वापरून झिजतो आणि झिजला की झिजला. सांधा मात्र जिवंत असतो. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला की तिच्यातला द्रव पिळून बाहेर पडतो आणि भार सुटला की पुन्हा आत शोषला जातो, यातूनच तिला पोषण मिळतं. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण. शिवाय कूर्चेत वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे स्नायू आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध.

म्हणून स्कॅनमधली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. मणक्याच्या गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. वयानुसार केस पांढरे होतात, तसंच हे. अहवालातले जड शब्द वाचून घाबरण्याआधी हा आकडा आठवावा.

पायरी १: आधी धोक्याची चिन्हं तपासा

घरचे उपाय सुरू करण्याआधी एवढं पाहून घ्या. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. यात तासांना किंमत असते. सांधा एकाएकी गरम, लाल, टम्म सुजला आणि अंगात ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. तिथेही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. एकाच पोटरीला सूज आणि ऊब असेल तर रक्ताची गुठळी, आणि डाव्या खांद्याच्या कळेसोबत घाम किंवा धाप असेल तर हृदय, हे आधी तपासून घ्यावं लागतं. पडल्यानंतर पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. वजन आपोआप घटतंय, रात्री कुठल्याही कुशीवर ठणका थांबत नाही किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेलाय, तर डॉक्टरांना लवकर दाखवा.

पायरी २: दुखतंय ते नेमकं काय, ते ओळखा

तळहात फिरवून "हा सगळा भाग" असं सांगावं लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल आणि आदल्या दिवशी सवय नसलेली मेहनत झाली असेल, तर तो बहुधा स्नायू. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं आणि मग आपोआप ओसरतं.

एका बोटानं जागा दाखवता येत असेल, सुरुवातीला दुखून अंग गरम झाल्यावर बरं वाटत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणकत असेल, तर स्नायुबंधाकडे बोट जातं. कोपराच्या बाहेरची बाजू, टाचेमागची जाड दोरी, खांद्याचा माथा ही त्याची नेहमीची ठिकाणं.

बसून उठताना सांधा आखडलेला वाटतो आणि चार पावलांत मोकळा होतो, सकाळची ताठरता अर्ध्या तासाच्या आत जाते: हा वयाबरोबर येणारा संधिवात. ताठरता त्याहून जास्त वेळ टिकत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर मामला वेगळा आहे. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असू शकते. त्यावर चांगली औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. अशा वेळी व्यायामाच्या भरवशावर महिने घालवू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा.

मुंग्या, बधिरपणा, करंट गेल्यासारखी पायात उतरणारी कळ म्हणजे नस. आणि एक फसवं प्रकरण: खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याला महिनोन्महिने मलम चोळूनही ढिम्म फरक पडत नसेल, तर पाठीवर झोपून पाय दुमडा आणि खुबा आत-बाहेर फिरवून बघा. जांघेत कळ आली तर चोर तिथे आहे.

पायरी ३: पहिले काही दिवस

पाय मुरगळला की आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं. बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे भरून येणं उलट लांबू शकतं, हे त्यांनी स्वतःच २०१४ मध्ये लिहिलं. आपलंच गाजलेलं सूत्र मागे घेणारी माणसं दुर्मीळ. आज सांगायचं ते इतकंच: एक ते तीन दिवस दुखरा भाग सांभाळा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. बर्फानं बरं वाटत असेल तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, पण तो वेदनेपुरता. आखडलेल्या स्नायूला शेक जास्त मानवतो. त्यानंतर हळूहळू हालचाल सुरू करा.

उसण भरलेल्या कंबरेला तर अंथरुण हा सगळ्यात वाईट उपाय. वेदना असतानाही घरातल्या घरात चाला, दर अर्ध्या तासाला बसण्याची ढब बदला.

पायरी ४: भाराची मात्रा ठरवा

खरं औषध इथे आहे, आणि बहुतेक लोक नेमकं इथेच सोडून देतात. पहिल्या दिवशी जोशात खूप करतात, दुसऱ्या दिवशी दुखतं, "व्यायामानं वाढलं" म्हणून बंद. औषधाची मात्रा चुकली तर आपण मात्रा बदलतो, औषध फेकत नाही.

मात्रा मोजायला शून्य ते दहाची पट्टी वापरा. व्यायाम करताना वेदना चारपर्यंत गेली तरी चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या पातळीवर आलेली हवी. आली असेल तर मात्रा बरोबर. आली नसेल तर पुढच्या वेळी निम्मी करा. सहा-सातवर गेली तर तिथेच थांबा.

गुडघ्यासाठी सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, हात छातीवर, आणि सावकाश उठा. बसताना तीन आकडे मोजत बसा, धपकन नाही. आठ-दहा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. बारा वेळा करणं लागोपाठ दोन खेपांना सोपं गेलं की उशी काढा. मग हातात थोडं वजन घ्या. मग एका ठेंगण्या पायरीवर चढ-उतार. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वजन, संख्या किंवा खोली. सांध्यातून कटकट आवाज आला तर येऊ द्या. दुखत किंवा अडकत नसेल तर तो निरुपद्रवी आहे.

टाचेमागच्या दोरीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच दोरी दुखायची. वरिष्ठांनी ऑपरेशनला नकार दिला, तेव्हा दुखणं चिघळून तरी ऑपरेशन होईल म्हणून त्यांनी टाचेवर मुद्दाम भार द्यायला सुरुवात केली, असा किस्सा सांगतात. दुखणं गेलं! १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवर हाच प्रयोग प्रसिद्ध केला आणि बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावत होते. पद्धत अशी: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच खाली सोडायची. १५ वेळांचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन फेरे किंचित वाकवून, दिवसातून दोनदा. सुरुवातीला निम्म्यानं करा. दुखणं दोरी टाचेच्या हाडाला जोडते अगदी तिथे असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली न्यायची नाही.

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना तळपायाला टाचेखाली सुई टोचल्यासारखं होतं, ते दुखणं निराळं. मी स्वतः त्यात पहिले तीन महिने चपला बदलण्यात घालवले. शेवटी फरक पडला तो पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून चवड्यांवर उठण्याच्या व्यायामानं: तीन सेकंद वर, दोन थांबायचं, तीन खाली, एक दिवसाआड.

खांद्यात दोन तऱ्हा असतात. दुसऱ्यानं उचलला तर हात वर जातो पण स्वतः उचलताना दुखतं, तिथे स्नायुबंधांना हळूहळू भार द्यायचा. दुसऱ्यानं उचलूनही जात नाही आणि बाहेर वळतच नाही, तो गोठलेला खांदा. चाळिशी ते साठी आणि मधुमेह ही त्याची आवडती संगत. तो एक ते तीन वर्षं रेंगाळू शकतो. दुखण्याच्या काळात त्याला जोर लावून ओढू नका, सहन होईल तेवढंच फिरवा.

या सगळ्याला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत निकाल मागू नका.

पायरी ५: औषधं आणि सुया, मदतनीस म्हणून

गुडघा आणि बोटांच्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकचं जेल आधी वापरून पाहावं. त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं. गोळ्या कमी दिवस, कमी मात्रेत. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, हृदयरोग, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. पॅरासिटामॉल प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि सर्दीच्या गोळीतलंही त्यात मोजा.

स्टेरॉइडच्या सुईनं काही आठवडे बरं वाटतं, पण ती वारंवार घेण्याचं समर्थन करणं अवघड आहे. गुडघ्यात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सुई दिलेल्यांची कूर्चा खाऱ्या पाण्याची सुई दिलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली आणि वेदनेत फरक नव्हता, असं २०१७ च्या अभ्यासात दिसलं. मालिश, पट्टे, यंत्रं यांनी तास-दोन तास हलकं वाटतं. त्या वेळात व्यायाम उरकून घ्यावा, एवढाच माझ्या मते त्यांचा उपयोग.

वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. झोप अपुरी असेल तर तेच दुखणं जास्त टोचतं.

ऑपरेशन कधी?

२००२ साली अमेरिकेत १८० जणांवर एक धीट प्रयोग झाला. संधिवाताच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केलेले रुग्ण आणि नुसता वरवर छेद दिलेले रुग्ण, दोघांना सारखंच बरं वाटलं. गुडघ्यातली गादी वयानं झिजून फाटते, तिच्या ऑपरेशनबद्दल फिनलंडमध्ये २०१३ साली असंच दिसलं. पण याचा अर्थ चाकू नेहमी फुकट असा नाही. गुडघा अडकून सरळच होत नाही, पडून स्नायुबंध पूर्ण तुटलाय, नस दाबून ताकद घटत चाललीय किंवा सगळे उपाय नीट करूनही झोप आणि चालणं गेलंय, तिथे ऑपरेशनची वेळ आलेली असते. सांधेबदल हे तर शेवटच्या टप्प्यातल्या खुब्या-गुडघ्यांसाठी उत्तम ऑपरेशन आहे.

मधेच दुखणं उसळलं तर

उसळणारच, कधी प्रवासानं, कधी रात्री झोप न झाल्यानं, कधी उगाच. तेव्हा सगळं बंद करून शून्यावर जायचं नाही. दोन पायऱ्या मागे जा: खुर्चीवर उशी परत ठेवा, वजन काढा, फेरे कमी करा. तीन-चार दिवसांनी सकाळची वेदना जुन्या पातळीवर आली की उशी पुन्हा काढा.