पाळीव प्राण्याची निरीक्षणवही: काय दिसले, काय वाटले

घरात मांजर किंवा कुत्रा असला की मुले त्याच्याविषयी अखंड बोलतात. परंतु वही हाती दिली, तर ‘आमची मनी फार गोड आहे, ती मला खूप आवडते’ यापलीकडे लेखन जात नाही. ‘माझा आवडता प्राणी’ या शालेय निबंधाने त्यांना हीच सवय लावलेली असते. ती मोडण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पानावर मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला ‘दिसले’ आणि उजव्या बाजूला ‘वाटले’ असे दोन रकाने करणे.

‘टॉमीला राग आला’ हे वाक्य उजव्या रकान्यातले आहे. ‘टॉमीचे कान मागे गेले, शेपटी ताठ झाली आणि तो दाराकडे पाहून दोनदा गुरगुरला’ हे डाव्या. मुलाने पहिले वाक्य लिहून आणले तर ते खोडू नये, ‘हे तुला कशावरून वाटले?’ एवढेच विचारावे आणि जे उत्तर येईल ते त्याला डावीकडे लिहायला सांगावे. मांजर रुसले आहे असे आजी छातीठोकपणे सांगत असेल, तर हाच प्रश्न आजीलाही विचारण्याची मुभा मुलाला असावी; किंबहुना घरातल्या मोठ्यांची अशी उलटतपासणी घेता येते म्हणूनच पुष्कळ मुलांना या वहीत गोडी वाटू लागते.

वहीसाठी एक पान कोरे आणि एक आखीव असलेली प्रयोगवही उत्तम, कारण तीत चित्र आणि मजकूर समोरासमोर येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाने चित्र काढावे आणि त्याने त्याविषयी सांगितलेले शब्द मोठ्यांनी जसेच्या तसे खाली उतरवावेत. तारीख, वेळ आणि जागा मात्र प्रत्येक नोंदीत हवी. बडोद्यातील मराठी घरांत मूल बोलते मराठीत आणि शाळेत लिहिते गुजरातीत किंवा इंग्रजीत. त्यामुळे एकाच नोंदीत दोन लिप्या मिसळल्या तरी त्या दुरुस्त करत बसू नये, कारण लाल शाई लागली की ही वहीसुद्धा गृहपाठ होऊन बसते.

प्राण्याने काही गंमत केली तरच मुले लिहितात, ही पुढची अडचण आहे. प्रौढ मांजर दिवसाचे साधारण बारा ते सोळा तास झोपते, पण अशा वहीत ते सदैव उड्या मारत असते. यावर प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांची एक पद्धत घरीही वापरता येते: दहा मिनिटे घड्याळ लावून बसावे आणि दर मिनिटाला, त्या क्षणी प्राणी जे करत असेल तेवढेच एका शब्दात टिपावे. झोप, चाटणे, बघणे, चालणे, खाणे असे शब्द आधीच ठरवून घ्यावेत. केनियातील बबून माकडांच्या अभ्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या जीन अल्टमन यांनी अशा निरीक्षणपद्धतींची शिस्तशीर मांडणी १९७४ साली केली. आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी अशा नोंदी झाल्या की मुलाला त्यांचा तक्ता करता येतो, आणि मनी सकाळी अधिक हिंडते की संध्याकाळी, याचे उत्तर वहीतूनच मिळते.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना मोजण्याची कामे द्यावीत. कुत्रा किंवा मांजर शांत झोपलेले असताना छाती तीस सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करावे. निरोगी प्राण्यात हा आकडा मिनिटाला बहुधा तिसाच्या आत असतो. तो दिवसेंदिवस वाढत असल्याचे दिसले, तर वही घेऊन पशुवैद्यांकडे जावे. वजनासाठी मुलाने आधी एकट्याने आणि मग मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे. वजाबाकी आपोआप होते. मे महिन्यात कुत्रा कोणत्या वेळी कोणत्या फरशीवर पसरतो, हे घराच्या नकाशावर खुणांनी दाखवावे. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांना येतो आणि अंगातील उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, हे अशा वेळी सांगितले तर मुलाच्या नीट ध्यानात राहते.

आपल्या बडोद्यात निरीक्षणाची खरी संधी उत्तरायणात, म्हणजे पतंगांच्या सणात, आणि नवरात्रात मिळते. १४ आणि १५ जानेवारीला गच्च्यांवर ध्वनिवर्धक, पतंग कापल्यावरच्या ‘काय पो छे’च्या आरोळ्या आणि अंधार पडल्यावर फटाके असतात; तेव्हा १३ तारखेचा शांत दिवस, सणाचे दोन दिवस आणि नंतरचा एक दिवस अशा चार दिवसांच्या नोंदी एकसारख्या वेळी घ्याव्यात. प्राणी कोठे बसला, किती खाल्ले, पाण्याचे भांडे किती रिकामे झाले, पलंगाखालून तो केव्हा बाहेर आला, एवढे चार रकाने पुरेत. मात्र घाबरलेल्या प्राण्याला नोंदीसाठी बाहेर ओढू नये. खाताना किंवा झोपेत त्याला डिवचू नये, हा नियम तर वहीच्या पहिल्या पानावरच असावा. दात किंवा नख लागले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

घरात प्राणी नसेल, तर केवळ या वहीसाठी पिंजऱ्यातला पोपट मुळीच आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील रानपोपट पाळण्यास मनाई आहे. खिडकीत येणारी खार किंवा गल्लीतले ओळखीचे कुत्रे दुरून पाहिले तरी काम भागते. बडोद्याच्या कमाटी बागेतील प्राणिसंग्रहालय १८७९ पासूनचे आहे. तेथे एखाद्या रविवारी सगळे पिंजरे पालथे घालण्यापेक्षा एकाच प्राण्यासमोर दहा मिनिटे बसावे, दर मिनिटाला त्याच ठरलेल्या शब्दांत नोंद करावी आणि ते पान खारीच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याच्या पानाशेजारी चिकटवावे.