मराठी ऑडिओ कोर्स विकायला काढताय? या चुका टाळा

शेळीपालन, शिवणकाम, परसबाग, स्पर्धा परीक्षेचा इतिहास. यातला कुठलाही विषय माहीतगार माणसाच्या तोंडून मराठीत ऐकायला मिळाला, तर त्यासाठी पैसे मोजणारे लोक आहेत. त्यांचे हात धार काढण्यात, पोळ्या लाटण्यात किंवा स्टेअरिंगवर गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. व्हिडिओ सोडून ते ऑडिओकडे वळतात ते यासाठीच. फसलेल्या कोर्समध्ये बहुतेक वेळा विषयाचं ज्ञान कमी नसतं. हात गुंतलेल्या, मागे जाऊन पुन्हा ऐकू न शकणाऱ्या या माणसाचा विचार झालेला नसतो.

लेख जसाच्या तसा वाचणं

छापील मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. डोळ्याला त्याचा त्रास होत नाही. पण तीस शब्दांचं वाक्य ऐकताना क्रियापद येईपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ऐकण्यासाठी लिहिताना वाक्य बारा-पंधरा शब्दांत संपवा आणि एका वाक्यात एकच सूचना द्या. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील तक्त्यात’ हे शब्द काढून टाका. समजावून सांगताना मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात, म्हणजे १० मिनिटांच्या भागाला १२०० शब्दांची संहिता पुरते.

आकड्यांना वेगळी काळजी लागते. एसटीच्या घरघरीत एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी सारखेच ऐकू येतात. खताचं किंवा औषधाचं प्रमाण त्यात चुकलं तर नुकसान ऐकणाऱ्याचं होतं. म्हणून ‘एकोणसत्तर, सहावर नऊ’ असं दोनदा सांगा. तीनपेक्षा जास्त आकडे सलग येत असतील तर ते एका पानाच्या पीडीएफमध्ये द्या आणि ऑडिओत फक्त त्या पानाचा उल्लेख करा.

माइकवर खर्च, खोलीकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गुळगुळीत फरशी, रिकाम्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत महागडा माइकही घुमणारा आवाजच टिपतो, आणि एकदा टिपलेला घुमारा नंतर नीट निघत नाही. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे झण्ण अशी शेपूट ऐकू आली तर तिथे रेकॉर्डिंग करू नका.

उपाय घरातच असतो. बहुतेक माइक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं टाळतात. म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत माइकला सरळ ‘दिसते’. गोधड्या किंवा जाड रजया माइकच्या मागे लावण्याआधी स्वतःच्या पाठीमागे टांगा, नंतर दोन्ही बाजूंना. एक टेबलावर अंथरा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असेल तर उत्तमच. इंचभर जाडीच्या फोमच्या चौकटी वरच्या पट्टीचा झणझणाट कमी करतात, खालच्या पट्टीतला घुमारा त्यांना आवरत नाही.

पंखा आणि फ्रिज बंद. तोंड आणि माइक यांत एक वीत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर अंतर. माइक तोंडाच्या रेषेतून जरासा बाजूला ठेवा, नाहीतर ‘फळ’, ‘भात’, ‘पाणी’ म्हणताना हवेचा फटका बसून ‘धप्प’ आवाज येतो. बोलताना रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या मीटरवरचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) मधे राहू द्या. मीटर लाल होऊन आवाज फाटला तर ते वाक्य पुन्हाच बोलावं लागतं. सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतताही टिपून ठेवा. गोंगाट काढताना आणि जोड लपवताना ती लागते.

आवाज बिघडला तर कारण कुठे शोधायचं

सतत बारीक गुणगुण येत असेल तर संशय आधी लॅपटॉपच्या चार्जरवर घ्या. तो काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. वीजपुरवठ्याची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची असते, पण तिच्या पटीतल्या १०० आणि १५० हर्ट्झच्याही लहरी सोबत येतात. ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर फक्त पहिलीलाच पकडतो. म्हणून गुणगुण मुळातच थांबवायची.

आवाज एकाच कानात येतो, कारण एका माइकचा आवाज स्टिरिओ ट्रॅकच्या डाव्या बाजूलाच नोंदला गेलेला असतो. ती बाजू वेगळी काढून मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारा ट्रॅक करा. बोलण्याच्या ऑडिओला स्टिरिओची गरजच नसते.

आवाज जड आणि संथ झाला असेल तर ४८,००० हर्ट्झवर घेतलेलं रेकॉर्डिंग ४४,१०० समजून वाजवलं जातंय. वेग सुमारे ८ टक्क्यांनी घटतो आणि पट्टीही उतरते. पट्टी वाढवणारा इफेक्ट लावू नका. सॉफ्टवेअरला खरा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, सांगितला की दोन्ही जागेवर येतात.

पाण्याखालून बोलल्यासारखं वाटतं ते गोंगाट काढण्याच्या हव्यासामुळे. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं) ६ ते १० डीबीच्या पुढे नेऊ नका. तेवढ्यानं भागत नसेल तर दोष खोलीत आहे.

एक भाग मोठ्यानं आणि दुसरा हळू, ही तक्रारही नेहमीची. सगळे भाग एकाच मापावर आणा. ऑडिबल या ऑडिओबुक विकणाऱ्या कंपनीसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्स या यंत्रणेचं माप घरच्या कामालाही चांगलं आहे: आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबी, शिखर (सर्वांत मोठा क्षण) उणे ३ डीबीच्या वर नाही, शांततेतला गोंगाट उणे ६० डीबीच्या खाली. क्रमही महत्त्वाचा: आधी खालच्या लहरी कापणं, मग गोंगाट, काटछाट, हलकं कॉम्प्रेशन (मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करणं), मग पातळी आणि सर्वांत शेवटी लिमिटर (शिखराला मर्यादेत ठेवणारा इफेक्ट). हेडफोनवर समाधान झालं तरी एकदा स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर, नळ चालू ठेवून ऐका. गिऱ्हाईक तसंच ऐकणार आहे.

फाइल ग्राहकाकडे उघडतच नाही

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात जपा. २४ बिट, ४८,००० हर्ट्झ, मोनो असेल तर तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. एमपीथ्री पुन्हा उघडून संपादित करत राहिलात तर दरवेळी दर्जा घसरतो. विकायची प्रत मोनो एमपीथ्री, ६४ केबीपीएस पुरेशी आहे: तासाला सुमारे २९ एमबी. हाच तास १९२ केबीपीएसला ८६ एमबी होतो आणि गावातल्या नेटवर्कवर अडकतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरलेला डेटा (केबीपीएस), स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटमुळे काही जुन्या प्लेअरवर वेळ चुकीची दिसते आणि पुढे सरकवणं बिघडतं.

झिप फाइल देऊ नका. ती मोबाइलवर कशी उघडायची हे अनेकांना माहीत नसतं. ड्राइव्हची लिंक देत असाल तर दुसऱ्याच खात्यातून उघडून बघा, परवानगी बंद राहिल्याच्या तक्रारी पहिल्या दिवशीच येतात. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलचं नाव बदलतं आणि दहा भाग कुठले कोणते ते कळत नाही. नावाच्या सुरुवातीला दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर दहावा भाग पहिल्यानंतर लगेच वाजतो. पेन ड्राइव्हवर विकत असाल तर फाइलची नावं इंग्रजी लिपीत ठेवा, कारण काही कार-स्टिरिओ देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. शिवाय अनेक सेट कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतात, त्यामुळे भाग एकेक करून क्रमानंच टाका.

दुसऱ्याचा मजकूर, दुसऱ्याचं संगीत

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आता मुक्त आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०६० संपेपर्यंत नाही. फक्त नाव देऊन भागत नाही, परवानगी लेखी हवी.

अभंगाच्या बाबतीत गल्लत जास्त होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण आधुनिक संगीतकारानं बांधलेली चाल आणि गायकाचं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. स्वतः गायलात तरी चालीचा प्रश्न उरतोच. ‘मोफत’ संगीताच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई असेल तर विकायच्या कोर्समध्ये ते चालत नाही.

ध्यान किंवा आहाराच्या कोर्सला ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करू नका. चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा मधुमेहासह ठराविक रोगांसाठी असे दावे करायला मनाई करतो. शेअर खरेदी-विक्रीचा सल्ला विकायचा असेल तर आधी शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीची नोंदणी पाहावी लागते.

तासांवरून किंमत

दहा तासांचा कोर्स दोन तासांच्या कोर्सपेक्षा पाचपट महाग असावा, हा हिशेब ग्राहकाच्या डोक्यात नसतो. त्याला शेळीच्या पिल्लांची मरतुक थांबवायची असते. आठ-दहा भागांचा दीड तासाचा कोर्स पूर्ण ऐकला जाण्याची शक्यता जास्त. सगळं रेकॉर्ड करून झाल्यावर गिऱ्हाईक शोधू नका. एक पूर्ण धडा फुकट द्या, उरलेल्यासाठी सवलतीत आगाऊ पैसे मागा. ‘छान आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पैसे भरणारे किती ते मोजा.

ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्या, म्हणजे पेमेंट गेटवे, साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे २९९ रुपयांतून सुमारे ७ रुपये जातात. ॲपवरून विकलात तर कमिशन वेगळं. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्या उलाढालीत तुमचे शिकवणीचे वगैरे इतर करपात्र पैसेही धरले जातात.

यूपीआयवर पैसे घेत असाल तर पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर विसंबून फाइल पाठवू नका, तो बनावट असू शकतो. बँकेत रक्कम जमा झाल्याचं बघा, व्यवहार क्रमांक वहीत उतरवा, मगच लिंक द्या.