बोटीवर चाललात? आधी हातातली पिशवी भरा

नागपूरच्या गोकुळपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. अलीकडे दिवाळीच्या सुमारास एक नवीन फर्माईश ऐकू येते: "काका, क्रूझवर चाललो, उलटीची गोळी द्या." मी गोळी देतो आणि गिऱ्हाईक घाईत नसेल तर पाच मिनिटं बोलतो. तीन वेळा बोटीवर जाऊन आलो मी: मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप आणि एकदा सिंगापूरहून. त्यातल्या पहिल्याच खेपेला झालेली फजिती एका औषधवाल्याला शोभणारी नव्हती.

आईच्या बीपीच्या नि शुगरच्या गोळ्या मी मोठ्या सुटकेसमध्ये ठेवल्या. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे केलेली छान डबी होती. बंदरावर सुटकेसला केबिन नंबरची चिठ्ठी लावली, ती एक्स-रेच्या पट्ट्यावरून आत गेली आणि दिसेनाशी झाली. हजार-दीड हजार लोकांच्या बॅगा मजल्यामजल्यावर वाटायच्या म्हणजे वेळ लागणारच. आमची दारात आली तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. दुपारपासून आई दर अर्ध्या तासानं विचारत होती, "काऊन रे, दुकान तुझं नि गोळी कुठाय माझी?"

म्हणून पहिला नियम: बोटीवरचे पहिले सहा-सात तास हातातल्या पिशवीवर काढायचे आहेत असं समजा. औषधं मूळ पट्टीतच ठेवा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. आधार किंवा पासपोर्ट, चष्मा, चार्जर, एक जोड कपडे, आणि लहान मुलं असतील तर त्यांचे पोहण्याचे कपडे. पहिल्या दुपारी सगळे जेवणाच्या रांगेत असतात, त्यामुळे तरणतलाव रिकामा मिळतो. पुढचे दिवस तो मिळत नाही. उलट इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड घरीच ठेवा. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे या वस्तू एक्स-रेतच अडकतात. आमच्या मेहुण्याची छोटी इस्त्री अशीच गेली. शेवटच्या दिवशी पावती दाखवून परत मिळाली, तोवर सदरे चुरगळलेले.

नागपूरकरांसाठी खरी परीक्षा त्याआधीच असते. समुद्र आपल्यापासून दूर. समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा, मुंबईतली गर्दी त्याच्या पुढची. जहाज सुटायच्या कितीतरी आधी चेक-इन बंद होतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. त्याच सकाळी पोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर आम्ही निघालो, गाडी इगतपुरीजवळ दीड तास उभी राहिली आणि कल्याण येईपर्यंत हिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता मी एक दिवस आधी पोचतो. मुंबईच्या बोटी बॅलार्ड पिअरहून सुटतात, सीएसएमटीपासून टॅक्सीनं जवळच आहे. रात्र फोर्टात काढा आणि सकाळी आरामात नाश्ता करून जा.

केबिन निवडताना लोक फक्त बाल्कनी बघतात. मी आधी डेकचा नकाशा बघतो. मळमळ होणाऱ्यांनी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी; झोका लहान मुलांच्या सी-सॉसारखा असतो, टोकाला जास्त, मध्ये कमी. दुसरं, वर काय आहे ते पाहा. गोव्याच्या फेरीत आमच्या डोक्यावर बुफे होता. पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा असा आवाज यायचा की वरच्या मजल्यावर बिऱ्हाड बदलून राहिलं कुणी. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती खोली उत्तम. बाल्कनीच घ्यायची असेल तर एवढं लक्षात ठेवा: मुंबईहून गोव्याला जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूला, येताना डाव्या. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते, पण आत इतका अंधार असतो की सकाळ झाली हे कळतच नाही. आम्ही गजर लावायचो.

आता उलटीची गोळी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. कान सांगतो हललो, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि या भांडणात पोट बिघडतं. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटतं आणि केबिनमध्ये मोबाईल बघत पडलं की वाढतं. प्रवासाची गोळी, उदाहरणार्थ एव्होमिन, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. बरेच जण ऑन्डनसेट्रॉन मागतात; पोट बिघडल्यावर ती उपयोगाची, पण लाटांच्या मळमळीवर तिचा फारसा भरवसा नाही. एव्होमिननं झोप येते, त्यामुळे त्यावर दारू नको. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. हे वाक्य मी दुकानात रोज बोलतो, इथंही बोलतो. रिकाम्या पोटी राहू नका. आल्याचा तुकडा नि कोरडं बिस्कीट पुष्कळांना सोसतं.

इन्शुलिनवाल्यांनी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर डोळे मिटून विसंबू नये. पुष्कळदा तो नुसता पेय गार ठेवण्यापुरता असतो. रिसेप्शनला विचारा, दवाखान्यात नीट सोय असते. सिंगापूरला जात असाल तर कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्यांवर तिथं कडक नियम आहेत, परवानगी आधी बघा. आणि बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. हा तपशील बुकिंगवाला विसरतो. आमचा विसरला होता.

चढल्यावर सुरक्षेची कवायत होते. कंटाळवाणी असते, पण जा. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली. त्या दिवशी नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आईनं तो ऐकून बोटांवर मोजला आणि परत एकदा वाजवायला सांगितलं.

खर्चाचं थोडक्यात: जेवण तिकिटात, पण थंड पेय, चांगली कॉफी, दारू, इंटरनेट बहुतेक वेगळं. सगळं केबिनच्या कार्डावर चढतं, म्हणून पैसे गेल्याचं जाणवत नाही. रोज रात्री रिसेप्शनवर हिशेब बघा. आणि किनारा सुटला की मोबाईल विमान मोडवर टाका. समुद्रावरचं रोमिंग फार महाग पडतं.

शाल न्या, हे वेगळं सांगतो. आपण 45 अंशात कुलरपुढे बसणारी माणसं, तिथल्या नाट्यगृहातल्या एसीनं पार गारठतो.

बंदरावर उतरलात की घड्याळ जहाजाचं धरा. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर ते थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गोव्यात जहाज लागतं त्या मुरगाव बंदरापासून पणजी तीसेक किलोमीटर, त्यात वास्कोची गर्दी. मी परतीला दोन तास हातात ठेवतो. लक्षद्वीपला तर जहाज बाहेरच उभं राहतं आणि लहान बोटीनं जावं लागतं. लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे गुडघेदुखीवाल्यांची कसोटी. दोन खलाशी हात धरतात, पण पाऊल आपलंच पडायला हवं. आई जहाजावरच थांबली, रिकाम्या डेकवर खुर्ची मिळाली म्हणून खूश होती.

परतल्यावर एक गंमत होते. सोमवारी दुकान उघडलं आणि गोळ्या काढायला वाकलो तर काउंटर हलून राहिलं. पुष्कळांना असं होतं, दिवस-दोन दिवसांत जातं. आठवडाभर राहिलं तर डॉक्टर गाठा. हिनं स्कूटरची किल्ली काढून घेतली, बुधवारपर्यंत मी दुकानात चालतच गेलो.