पट्टीला द्राक्षांचा वास आला तर

सांगली-मिरजेकडच्या जळीत वॉर्डांत मी २६ वर्षं सिस्टर होते. गुऱ्हाळं पेटली की काहिलीतला उकळता रस अंगावर घेतलेला एखादा तरी पेशंट यायचाच. पहिले काही दिवस बरे जातात. मग एका सकाळी पट्टी सोडताना हिरवट डाग दिसतो आणि पिकल्या द्राक्षांसारखा गोडूस वास येतो. तासगावच्या माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही. बहुतेकदा हा स्युडोमोनास नावाचा जंतू.

नातेवाईक लगेच म्हणतात, "सिस्टर, भारीतलं इंजेक्शन सुरू करायला सांगा." थांबा. जखमेवर जंतू बसणं वेगळं आणि आत शिरणं वेगळं. नुसत्या तापावर जाऊ नका, मोठं भाजलं की अंग तसंही तापतं. काल वरवरची वाटलेली जखम आज खोल, काळपट दिसतेय का? कडेची लाली पसरतेय का? पेशंट बरळतोय, लघवी कमी झालीय, पोट फुगलंय, अंग गार पडलंय? यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.

कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालतं हे बघायची तपासणी, नीट घ्या. यात मी स्वतः एकदा चुकले. घाईत मलम न पुसताच स्वॅब (कापसाच्या काडीवर जखमेचा नमुना) घेतला, रिपोर्टात वरवरची खिचडी आली आणि दोन दिवस वाया गेले. मलम, पू सलाइननं धुवायचं आणि मग स्वॅब. डॉक्टरांनी जखमेतला छोटा तुकडा पाठवला तर त्याहून उत्तम. रक्ताचं कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. पेशंट ढासळत असेल तर मात्र नमुने चटकन घ्या आणि औषध सुरू होऊ द्या, रिपोर्टाची वाट बघू नका. रिपोर्टाला दोन-तीन दिवस लागतात. तो आला की औषध त्याप्रमाणे बदलतात.

रिपोर्टात सगळीकडे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आणि फक्त कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढं खूण, असं हल्ली दिसतं. ते औषध किडनीवर येतं. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासत राहायचं आणि लघवी मोजून लिहायची, अंदाजानं नाही.

पण खरं सांगू? मेलेल्या कातडीत रक्तच फिरत नाही, तिथं सलाइनमधलं औषध पोचणार कसं? ती कातडी वेळेत काढणं आणि वर ग्राफ्ट, म्हणजे चांगली कातडी, बसवणं हाच मोठा उपचार. ऑपरेशनला "आणखी चार दिवस बघू" म्हणणाऱ्या घरच्यांशी मी सगळ्यात जास्त भांडलेय. स्युडोमोनाससाठी डॉक्टर कधी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या सांगतात. पण व्हिनेगरमध्ये तेच अ‍ॅसिड असतं म्हणून घरातलं आणून ओतू नका.

खाणं सोडू देऊ नका. मोठं भाजलेल्या ५० किलोच्या माणसाला दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे नुसत्या पेजेवर भागत नाही.

आणि हात. बांगड्या, घड्याळ काढून धुवा. शेजारच्या खाटेवरच्या आजींना घास भरवायला जाल, चांगलंच आहे, पण जाताना धुवा आणि आपल्या माणसाकडं परतताना पुन्हा धुवा.